किती एक्सचा ते नंतर, आधी बघायचंय काय ते सांगा

मागच्या अंकात मायक्रोस्कोपबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि खरं सांगतो इतके येतील असं वाटलं नव्हतं, पोस्टकार्डापासून व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजपर्यंत सगळं आलं. मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं काढलीत त्यामुळे विषय माझ्या फार जवळचा आहे, एखादं उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या. जागा बघून सहाच पत्रं घेतली. नावं छापत नाही, वस्ती-गाव तेवढं दिलंय.

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे, त्याला सायन्सची लय आवड. ऑनलाइन १६०० एक्सचा यूएसबी मायक्रोस्कोप स्वस्तात मिळून राहिला. बर्डीवरच्या दुकानदाराने कॉलेजवाला साधा दाखवला, तो म्हणे फक्त ४०० एक्सचा आणि वरून महाग. मग १६०० वालाच घ्यावा ना? (एक आई, मानेवाडा)

उत्तर: ताई, थांबा जरा. एक्स म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते तो आकडा, बस. मोठं दिसणं वेगळं आणि स्पष्ट दिसणं वेगळं, आणि सगळा घोळ इथेच होतो. चार ग्रुप फिरून आलेला लग्नाचा फोटो मोबाइलवर बोटांनी ताणून बघा, मामाचा चेहरा मोठा होतो पण कपाळावरचा टिळा गंधाचा होता की कुंकवाचा ते काही कळत नाही. रात्री वर्धा रोडवर समोरून दूरवर ट्रक येत असला की आधी एकच दिवा दिसतो, जवळ आला की त्याचे दोन होतात. दोन जवळजवळच्या गोष्टी दोन म्हणून दिसणं हीच मायक्रोस्कोपची खरी ताकद, तिला रिझोल्यूशन म्हणतात, आणि ती डब्यावर कोणी ठळक छापत नाही.

उजेडावर चालणाऱ्या मायक्रोस्कोपला तर हद्दच आहे. जर्मनीच्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिलं की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून कमी अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, भिंग कितीही चांगलं घासलं तरी. आपल्या डोळ्याला दिसणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, म्हणजे हद्द आली २०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजेच ०.२ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) म्हणून कॉलेजातला उत्तम मायक्रोस्कोपसुद्धा १००० एक्सवर थांबतो, त्यापुढे नवीन काही दिसत नाही, तेच धूसर चित्र नुसतं फुगत जातं.

त्या यूएसबीवाल्याचा १६०० हा आकडा बहुतेक वेळा स्क्रीनवर चित्र केवढं दिसतं ते धरून काढलेला असतो, स्क्रीन मोठी केली की एक्स वाढले. वस्तू म्हणून तो वाईट नाही बरं का, मुंगी, नाणं, कापडाचं विणकाम, पानाची लव हे सगळं त्यात छान दिसतं. पण कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी आणि त्यातलं केंद्रक बघायचं असेल, गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी बघायच्या असतील, फुटाळा तलावाच्या पाण्यात पळणारा पॅरामिशियम हा एका पेशीचा जीव बघायचा असेल तर दुकानदाराने दाखवलेला ४०० वालाच बरोबर. डोळ्याजवळ १० एक्सचं आयपीस आणि खाली ४, १०, ४० ची तीन भिंगं, आठवीच्या मुलाला त्याहून जास्त काही लागत नाही. १०० चं ऑइलवालं भिंग मागू नका. ते स्लाइडच्या इतकं जवळ येतं की मिलिमीटरचा जेमतेम पाचवा-दहावा भाग अंतर उरतं, आमच्या लॅबमध्ये एका वर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला मोठा स्क्रू उलटा फिरवून एका मुलाने स्लाइडही फोडली आणि भिंगावर ओरखडाही पाडला, आणि दोष माझा होता कारण आधी बाजूने वाकून बघायचं हे मी त्याला शिकवलंच नव्हतं.

आणि बजेट अगदीच कमी असेल तर फोल्डस्कोप बघा. कागद घडी घालून बनवायचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डमधले आपले मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये जगासमोर आणला. साधारण १४० पट मोठं दिसतं, दोन मायक्रॉनपर्यंतचे बारकावे कळतात आणि खिशात मावतो. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने १६७०च्या दशकात पहिल्यांदा जिवाणू पाहिले तेही असंच एकच इवलंसं भिंग डोळ्याला लावून. मुलाला पहिल्या दिवशी एक काम द्या, कापसाच्या बोंडातला एक धागा आणि पॉलिएस्टरच्या साडीतला एक धागा शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगा. पॉलिएस्टर काचेच्या कांडीसारखं सरळ दिसेल आणि कापूस पिळलेल्या फितीसारखा, जागोजागी मुरड पडलेला. विदर्भातल्या पोराने कापूस आतून बघितलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मी मोबाइल रिपेअरिंग शिकून राहिलो. एका लॅबचा जुना कंपाउंड मायक्रोस्कोप स्वस्तात भेटून राहिला, बोर्ड बघायला घेऊ का? (सक्करदरा)

उत्तर: नको भाऊ. त्यात प्रकाश खालून येतो आणि वस्तूच्या आरपार जातो, तुझ्या बोर्डातून जाणार कसा? चित्रही उलटं दिसतं, हात उजवीकडे नेला तर डावीकडे जाताना दिसेल. आणि भिंगाखाली जागा काही मिलिमीटरचीच, सोल्डरिंग आयर्न घालशील कुठून. तुला स्टीरिओ मायक्रोस्कोप लागतो, दोन डोळ्यांना दोन वेगळ्या वाटा असल्यामुळे खोली कळते, चित्र सरळ दिसतं आणि खाली हात चालवायला चांगली दहा सेंटिमीटरच्या आसपास जागा राहते. ७ ते ४५ पट झूमवाला पुरे. कॅमेरा लावायचा असेल तर ट्रायनॉक्युलर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला घे, मान वाचते.

प्रश्न: काटोलकडे संत्र्याची बाग आहे आपली. झाडं पिवळी पडून राहिली, कोणी म्हणते ग्रीनिंग आहे, कोणी म्हणते जस्त कमी पडलं. भाच्याच्या कॉलेजात मायक्रोस्कोप आहे, पान नेऊन दाखवलं तर रोग दिसन का? का तो मोठा इलेक्ट्रॉनवाला लागते? (संत्रा बागायतदार)

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाग पिवळी पडताना बघणं काय असतं ते मला माहीत आहे, माझ्या सासऱ्यांची बाग अशीच गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात मायक्रोस्कोपशिवाय करा. पिवळं पान हातात घ्या आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू ताडून पाहा. जस्त कमी असलं तर शिरांच्या मधला भाग पिवळा होतो आणि डाव्या अर्ध्यात जसं तसंच उजव्यात, पानंही बारीक निघतात. ग्रीनिंग हा जिवाणूचा रोग, त्यात पिवळे चट्टे वेडेवाकडे, एका अर्ध्याचं दुसऱ्याशी जुळत नाही. शंका असेल तर पेनाने एका बाजूच्या चट्ट्याभोवती गोल काढा आणि समोरच्या बाजूला तिथेच गोल काढून पाहा. पण यावर शिक्कामोर्तब करू नका, कारण ग्रीनिंग झालेल्या झाडात जस्ताच्या कमतरतेसारखी पानंही निघतात, दोन्ही एकाच फांदीवर सापडतात.

मग दहा पटीचं हातातलं भिंग. ते घेऊन नवती आली की कोवळे शेंडे बघा. ग्रीनिंग पसरवणारा सायला नावाचा किडा तीन-चार मिलिमीटरचा असतो आणि बसतो तेव्हा डोकं खाली आणि मागचा भाग वर, तिरका. पिल्लं पिवळसर, त्यांच्या अंगातून पांढरे मेणाचे तंतू निघालेले. एवढं बघायला दहा एक्स बास आहेत.

आता कॉलेजातला मायक्रोस्कोप. त्यात तुम्हाला दुसरा एक रोग चांगला सापडू शकतो, तो म्हणजे डिंक्या आणि मूळकुज. ती फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवाने होते. झाडाच्या बुडाची ओली माती पाण्यात कालवून वर संत्र्याच्या पानाचे तुकडे तरंगत ठेवले की काही दिवसांत तुकड्यांच्या कडेला त्याच्या पिशव्या तयार होतात, लिंबासारख्या आकाराच्या, टोकाला बोंडी असलेल्या. त्या बऱ्यापैकी मोठ्या असतात, कितीतरी मायक्रॉनच्या, १० आणि ४० च्या भिंगाखाली स्वच्छ दिसतात, आणि नशीब असेल तर पिशवी फुटून पोहणारे बीजाणू बाहेर पडतानाही दिसतात. भाच्याला हे नक्की करायला सांगा, पिवळेपणाचं कारण मुळाशीही असू शकतं.

पण ग्रीनिंगचा जिवाणू तिथे दिसणार नाही. तो पानाच्या अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये लपून राहतो, जाडी जेमतेम पाव मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वर ताईंना सांगितलेल्या हद्दीवरच, आणि भोवती झाडाच्या पेशींची गर्दी. वरून तो लॅबमधल्या बशीत सहज वाढवताही येत नाही. त्याला पहिल्यांदा पाहिलं ते १९७० मध्ये फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, आणि सुरुवातीला तो मायकोप्लाझ्मासारखा भिंत नसलेला जीव वाटला, नंतर जास्त बारकाईने बघितल्यावर त्याचं बाहेरचं आवरण मायकोप्लाझ्माहून जाड निघालं आणि हा भिंत असलेला जिवाणू आहे हे कळलं. काही नॅनोमीटरच्या पापुद्र्यावरून रोगाची जात बदलली.

ट्रिस्टेझा या विषाणूच्या रोगाचंही सांगतो कारण तुमच्याकडे तोही असतो. त्याचा विषाणू दोऱ्यासारखा, लांबी २००० नॅनोमीटर म्हणजे दोन मायक्रॉन, कितीतरी जिवाणूंएवढी लांब. तरी साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही, कारण जाडी फक्त १०-१२ नॅनोमीटर.

तर इलेक्ट्रॉनवाला लागतो का? शोध लावायला लागला होता, तुमच्या झाडाच्या निदानाला लागत नाही. त्यासाठी पानाचा नमुना तयार करायलाच कित्येक दिवस जातात आणि बघितला जातो तो पानाचा इतका इवला तुकडा की जिवाणू शेजारच्या तुकड्यात असला तर हुकला. आज ग्रीनिंग पक्कं करायला पीसीआर करतात, त्यात जिवाणू बघत नाहीत, त्याचा डीएनए वाढवून पकडतात. अमरावती रोडवर आपली केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, आधी तिथे विचारून नमुना कसा आणायचा ते समजून घ्या. आणि रिपोर्ट येईपर्यंत त्या झाडाच्या डोळ्याची कलम कोणाला देऊ नका.

प्रश्न: बीएस्सी सेकंड इयरला आहे. सेम आणि टेम या दोन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधला फरक पाठ केला पण डोक्यात बसला नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सगळ्यात भारी असेल तर बाकीचे अजून कशाला वापरतात? आणि कोरोनाचा व्हायरस लाल काट्यांचा दाखवतात, तो रंग इलेक्ट्रॉनने कसा दिसला? (महाल)

उत्तर: पाठ करू नको, उजेडाचा विचार कर. प्रकाशाची तरंगलांबी मोठी म्हणून हद्द आली, मग लहान तरंगलांबीचं काहीतरी घ्या, आणि इलेक्ट्रॉन तसा आहे. एक लाख व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी नॅनोमीटरच्या हजारव्या भागांमध्ये मोजावी लागते. बर्लिनमध्ये १९३१ साली मॅक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी पहिला असा मायक्रोस्कोप उभा केला, काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय कॉइल लावून. रुस्कांना नोबेल मिळालं १९८६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी, तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते.

टेममध्ये इलेक्ट्रॉन आरपार जातात, म्हणजे तुझ्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपसारखंच, फक्त काप अतिशय पातळ लागतो, ५० ते १०० नॅनोमीटरचा, हिऱ्याच्या पात्याने कापलेला आणि युरेनियम-शिशाच्या क्षारांनी रंगवलेला. त्यात पेशीचं पोट दिसतं. सेममध्ये इलेक्ट्रॉनचा किरण पृष्ठभागावरून ओळीने फिरतो, जशी आजी भिंतीवरून हात फिरवून कुठे पोपडा आलाय ते सांगते, आणि तिथून उडालेले इलेक्ट्रॉन गोळा करून चित्र बनतं. म्हणून त्यात माशीचा डोळा, परागकण असे उठावदार दिसतात. वीज वाहून न नेणाऱ्या नमुन्यावर आधी सोन्यासारख्या धातूचा काही नॅनोमीटरचा थर चढवतात. बारकाव्यात टेम पुढे, तयारीत सेम सोपा.

आता बाकीचे कशाला. इलेक्ट्रॉनला हवा चालत नाही, हवेच्या रेणूंना धडकून तो विखुरतो, त्यामुळे आत निर्वात करावं लागतं आणि निर्वातात टाकलेली पेशी मेलेलीच असते. तुला पेशी फुटताना, पोहताना, जंतू गिळताना बघायची असेल तर प्रकाशाकडेच यावं लागतं. जिवंत पेशी पारदर्शक, काही दिसत नाही, आणि रंगवली तर मरते, ही अडचण फेज कॉन्ट्रास्टने सोडवली, पेशीतून जाताना प्रकाश जो किंचित मागे पडतो तो फरक उजेड-अंधारात बदलायचा, झेर्निके यांना त्यासाठी १९५३ चं नोबेल मिळालं. फ्लुरोसन्समध्ये तर पाहिजे तीच गोष्ट चमकवता येते, बाकी सगळा अंधार. टीबीच्या थुंकीच्या तपासणीत याचा फायदा बघ, लाल रंगाच्या जुन्या झील-नील्सन पद्धतीत ऑइल लावून १००० पटीवर स्लाइडचा एकेक तुकडा बघत बसावं लागतं, ऑरामाइन रंगात जंतू काळोखात पिवळ्या काडीसारखे चमकतात त्यामुळे कमी पटीवरही दिसतात, एका नजरेत जास्त जागा बसते आणि टेक्निशियनचा वेळ वाचतो. तिथे कमी एक्सवाला जिंकला! आणि ती २०० नॅनोमीटरची हद्द, चमकणारे रेणू सगळे एकदम न पेटवता आळीपाळीने पेटवून आणि अशाच दुसऱ्या युक्त्या करून तिलाही वळसा घातला गेला, बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच.

रंगाचं विचारलंस ते फार आवडलं. रंग हा प्रकाशाचा गुण आहे, कोरोना व्हायरस असतो १०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कितीतरी लहान, त्यामुळे त्याला लाल-हिरवं म्हणायला काही अर्थ उरत नाही. ते लाल काटे कॉम्प्युटरवर चित्रकाराने काढलेले. खरे फोटो करडे असतात. १९६०च्या दशकात लंडनमध्ये जून अल्मेडा यांनी या कुळातल्या विषाणूचे फोटो काढले आणि भोवतीची ती प्रभावळ बघूनच कोरोना नाव पडलं. आपल्या पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेनेही २०२० मध्ये त्या साथीच्या व्हायरसचा टेमवर फोटो घेतला होता, शोधून बघ, एक करडा गोळा आणि कडेला बारीक दांडे, पण खरा.

प्रश्न: सेमिनरी हिल्सवर फिरायला जातो, तिथला काळा दगड आणला. मायक्रोस्कोपखाली ठेवला तर नुसता काळा दिसते. चुकलं काय? (गिट्टीखदान)

उत्तर: दगड जाड आहे, बाकी काही चुकलं नाही. तो बेसाल्ट, दख्खनच्या लाव्हाचा, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. भूगर्भवाले त्याचा काप घासून घासून ०.०३ मिलिमीटरचा करतात, मग काळ्या दगडातून उजेड जातो! पोलरायझिंग मायक्रोस्कोपमध्ये दोन पोलरॉइडमध्ये ठेवून स्टेज गोल फिरवली की फेल्डस्पार या खनिजाच्या काड्यांवर काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि पायरोक्सिन हे दुसरं खनिज रंगीत होतं, फिरवाल तसे रंग बदलतात. मनसरच्या मँगनीजसारखं खनिज मात्र कितीही पातळ करा, उजेड जात नाही, तिथे पृष्ठभाग आरशासारखा घासून वरून प्रकाश टाकणारा मायक्रोस्कोप लागतो, धातूवालेही तोच वापरतात.

प्रश्न: माझं लग्न ठरून राहिलं. मुलाकडच्यांनी स्वतःहून सांगितलं की त्याची सिकल सेलची स्लाइड पॉझिटिव्ह आहे. घरचे घाबरले. मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी दिसलं तर मग अजून मोठी टेस्ट करा असं डॉक्टर काहून म्हणतात? (इंदोरा)

उत्तर: ताई, आधी त्या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी स्वतःहून सांगितलं हे फार चांगलं केलं, ते लक्षात ठेव.

सिकल सेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात हिमोग्लोबिन वेगळं असतं. स्लाइडवर काय करतात ते सांगतो. रक्ताच्या थेंबात ताजं बनवलेलं सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळतात आणि कव्हरस्लिपच्या कडा बंद करतात, त्यामुळे आतला ऑक्सिजन संपतो. सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर सात-आठ मायक्रॉनच्या गोल लाल पेशी हळूहळू विळ्यासारख्या वाकड्या होतात, साध्या ४० च्या भिंगाखाली स्पष्ट दिसतात. शिकागोच्या हेरिक यांनी १९१० मध्ये ज्या विळ्यांचं वर्णन लिहिलं त्या याच. पेशी वाकते का, तर ऑक्सिजन सुटला की ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोर वळतं, चौदा पदरांचा आणि सुमारे २१ नॅनोमीटर जाडीचा, तो दोर मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही.

आता अडचण अशी की फक्त वाहक असलेल्या माणसाच्या पेशीही त्या स्लाइडवर वाकतात आणि आजार असलेल्याच्याही वाकतात. आपण त्यांचा ऑक्सिजन मुद्दाम काढून घेतलाय ना. एएस (वाहक) आणि एसएस (आजार असलेला) यांतला फरक स्लाइड सांगूच शकत नाही, मायक्रोस्कोप कितीही महागाचा आणला तरी. त्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करतात, त्यात कुठलं हिमोग्लोबिन किती टक्के ते कळतं. डॉक्टर बरोबर सांगताहेत.

आणि टेस्ट त्याच्या एकट्याची नाही, तुझीही कर. तो वाहक आणि तू पूर्ण नॉर्मल असशील तर मुलांना सिकल सेलचा आजार होत नाही, प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी, एवढंच. तुम्ही दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एचपीएलसीत थॅलेसिमिया या रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं वाहकपणही लक्षात येतं, आणि सिकलसोबत तेही महत्त्वाचं असतं, म्हणून तुझी नुसती स्लाइड निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावर थांबू नको. मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलात जाऊन कुठे आणि कधी होते ते विचार, दोघांचे रिपोर्ट एकत्र घेऊन एकाच डॉक्टरांसमोर बसा, आणि जाताना आईबाबांनाही सोबत घेऊन जा म्हणजे त्यांचे प्रश्न त्यांना तिथेच विचारता येतील.